भरतीची ओटी

हौसा, तुला गाय म्हणायला लागलेत लोक. गरीब गाय.

तू गेल्यापासून जो येतो तो पायरीवर चपला काढतो, घोंगड्यावर बसतो, चहाला नको नको म्हणतो आणि चहा पिऊन झाल्यावर तेच बोलतो. "लई गरीब बाई हो. कधी कुणाला वर तोंड करून बोलली न्हाय." मी आतून ऐकत असते. परवा दूधकट्ट्यावरचा तो जुना गिऱ्हाईक आला होता. दुधात पाणी आहे म्हणाला म्हणून तू एकदा ज्याच्या तोंडावर सडाची धार मारली होतीस, तोच. तोसुद्धा डोळे पुसत "गरीब गाय" म्हणाला. तेव्हा मी बाहेर आले.

"गाय कुठली?" मी म्हणाले. "म्हस हुती ती. आन तीबी मारकी."

थोरल्या जावेला धक्का बसलाय, तिच्या डोक्यावर परिणाम झालाय, असं कुणीतरी हळूच म्हणालं. म्हणू देत. तुझ्या मागं तुला मऊ करून ठेवायला निघालेत, आणि ते मला चालणार नाही. म्हणून लिहायला बसले आहे. माझी शाळा चौथीपर्यंत, तुझी तेवढीही नाही. आलेली पत्रं मीच तुला वाचून दाखवायची आणि तू मध्येच म्हणायचीस, "ते खुशाली बिशाली सोड आक्का, मुद्द्याचं वाच." तर मुद्द्याचं ऐक.

आपण दोघी जावा, एका गोठ्याच्या आणि दोन चुलींच्या. सासूबाई गेल्यावर भांडी वाटली, खोल्या वाटल्या, पण म्हशी वाटता आल्या नाहीत. त्यामुळं पहाटे उठून पहिलं तोंड बघायचं ते तुझंच, आणि पहिलं भांडणही तुझ्याशीच. वैरण तू जास्त टाकायचीस. शेणी तू पातळ थापायचीस. तुझ्या चटणीत मीठ जास्त पडायचं, हे मी आजही म्हणणार. तू गेलीस म्हणून तुझी चटणी चांगली होत नाही.

भावजी गेले तेव्हा तुझा पोरगा मांडीवर होता. घरात सगळ्यांनी गृहीत धरलं की आता म्हशी धारा काढायला कट्ट्यावर माझे मालक नेतील आणि तू शेणाघाणात राहशील. पण मालकांच्या कमरेचं दुखणं निघालं. चार दिवस शेजाऱ्यानं म्हशी नेल्या आणि पाचव्या दिवशी तू दावं हातात घेतलंस. बाई माणूस, त्यात कपाळ मोकळं. गिऱ्हाईकांसमोर बसून धार काढायची, हे पुरुषांचं काम. पहिल्या संध्याकाळी पेला पुढं करायला कुणी धजेना. तू म्हशीखाली बसलीस, चरवी भरलीस, वर बोटभर फेस आला. मग पहिला पेला तूच उभ्या उभ्या सगळ्यांच्या देखत पिऊन टाकलास आणि मिशीसारखा लागलेला फेस पदरानं पुसलास.

"मला तर काय झालं न्हाय," तू म्हणालीस. "तुमचं तुम्ही बघा."

पुढच्या आठवड्यापासून रांग लागली.

पण कट्टा वेगळा आणि हळदीकुंकू वेगळं. म्हशींनी तुला कधी वगळलं नाही, बायकांनी वगळलं. तुझ्या हातचं दूध सगळ्या पेठेला चालायचं, तुझ्या हातची ओटी कुणाला चालायची नाही. तू त्यावर कधी काही बोलली नाहीस. म्हणून मला वाटायचं, तुला त्याचं काही नाही. तसं नव्हतं, हे मला रत्नागिरीत कळलं.

बायजाकाकूची नात रत्नागिरीला दिली, ते लग्न. आपल्या गल्लीची काकू ती, तिचा शब्द म्हणजे बायकांचा कायदा. ट्रकात बसायला भाताचं पिंजर टाकून वऱ्हाड निघालं. पन्हाळ्याच्या पायथ्यापासून आंबा घाटापर्यंत बायकांनी गाणी म्हटली आणि घाटात सगळ्यांनी ओकाऱ्या काढल्या. तू तेवढी ताठ. ट्रकच्या फळीला धरून उभी होतीस आणि म्हणत होतीस, "समिंदर अजून किती लांब हाय?" बायजाकाकू म्हणाल्या, "हौसे, लग्नाला निघालीयास का समिंदर बघायला?" तू म्हणालीस, "लग्नात मला कोण बोलवतंय काकू? मी चुलीपाशीच असणार. समिंदर तरी बघतो."

आणि तसंच झालं. अक्षता पडल्या तेव्हा तू मांडवामागं पिठलं ढवळत होतीस.

दुसऱ्या दिवशी वऱ्हाड परतायच्या आधी सगळ्यांना भाट्याच्या किनाऱ्यावर नेलं. गावातली माणसं सुट्टीच्या दिवशी तिथंच जातात म्हणे. केवढी गर्दी. सुरूच्या झाडांखाली शहाळीवाला, बर्फाच्या गोळ्याची गाडी, साड्या वर खोचून पळणाऱ्या बायका. कॉलेजची पोरं ट्रकच्या चाकातल्या फुगवलेल्या ट्यूबवर पोटावर पडायची आणि लाटेबरोबर ओरडत किनाऱ्याला यायची. तू त्यांच्याकडं बघत उभी राहिलीस ती राहिलीसच.

"आक्का, ही लाट त्यास्नी घिऊन येत्या व्हय?"

"व्हय."

"मला बी बसायचं हाय."

"म्हातारी झालीस. गप बस."

"म्हातारीला लाट घेत न्हाय काय?"

आपण नदीकाठची माणसं. आपल्याला पाणी म्हणजे पंचगंगा. घाटावर बसायचं, पाण्याकडं पाठ करून दगडावर धुणं आपटायचं, आणि पाणी आपलं मागून निघून जातं. ते परत येत नाही. नदीची ओटी भरायची तर वाकून पाण्यावर सोडायची, हात जोडायचे. खण, नारळ, तांदूळ, सगळं घेऊन ती पुढं जाते. आपल्यातल्या एकीलाही त्या दिवशी सुचलं नाही की समुद्र म्हणजे नदी नव्हे.

नव्या नवरीच्या नावानं सगळ्या सवाष्णींची मिळून एक ओटी काढली. नवरीचा मामा पैलवान. तो कमरेइतक्या पाण्यात गेला आणि गोळा फेकावा तशी ती लाटेच्या पलीकडं भिरकावून आला. घेतली, घेतली म्हणून बायकांनी हात जोडले. मीही जोडले. माझं कुंकू होतं, मी त्यांच्यातच होते.

मग तू पिशवीतनं तुझा नारळ काढलास.

मला माहीतच नव्हतं. तू बाजारातनं नारळ आणि खण परस्पर आणला होतास. नारळाच्या शेंडीला तुझ्याच जुन्या निळ्या लुगड्याची चिंधी बांधली होतीस.

"ह्ये काय गं?" बायजाकाकू म्हणाल्या.

"ओटी."

"तू कशाला भरतीयास? झाली की सगळ्यांची."

"सगळ्यांची झाली. माझी न्हाय झाली."

मामानं तुझ्याकडं बघून न बघितल्यासारखं केलं आणि धोतर पिळायला गेला. तुझ्यासाठी फेकायला कोण पुढं येणार होतं? तू नदीवर सोडतेस तशी वाकलीस, फेसावर ओटी ठेवलीस, हात जोडलेस. लाट मागं गेली. पुन्हा पुढं आली आणि तुझा नारळ तुझ्या पायाला येऊन लागला.

"बघ," बायजाकाकू म्हणाल्या. मोठ्यानं म्हणाल्या, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "कळतंय त्यालाबी. रांडमुंड बाईची ओटी घेत न्हाय त्यो."

तू उत्तर द्यायला वळलीस. पाण्याकडं पाठ केलीस, घाटावर करतेस तशी. तुझं तोंड उघडायच्या आत मागनं लाट आली आणि तुला पालथी पाडली. बायका हसल्या. मी हसले नाही म्हणेन, पण हसले असेन. तू वाळूत हातपाय रोवून उठलीस, तोंडातली वाळू थुंकलीस आणि आधी काय शोधलंस तर नारळ.

तेवढ्यात डोक्यावर रिकामी पाटी घेऊन एक मासे विकणारी बाई जात होती. ती थांबली. "गो बाय," ती म्हणाली, "भरती लागलीय. आता राजानं ओटी दिली तरी परत आणून देणार तो. ओहोटीला ये, मग बघ कसा नेतो."

मला केवढं बरं वाटलं. मी तुझा दंड धरला. "ऐकलास का? ओहोटीला टाकू या. तोवर ह्या बाया ट्रकात जाऊन बसतील. आपण दोघी हळूच यू. कुणी बघणार न्हाय, कुणी बोलणार न्हाय."

तू माझ्याकडं बघितलंस. तसं तू माझ्याकडं पुन्हा कधी बघितलं नाहीस.

"ओहोटीला काय आक्का, त्यो कुणाचंबी घेतोय. आन कुणी बघणार नसंल तर मी देऊ तरी कशाला?"

आणि निघालीस. काष्टा घट्ट केलास, पदर कमरेला खोचलास, नारळ आणि भिजलेला खण छातीशी धरलास. गुडघ्याएवढं पाणी. कमरेएवढं. मी ओरडत होते. शिव्या देत होते, खरं सांगायचं तर. ट्यूबवाली पोरंसुद्धा ओरडायला लागली, "मावशी, मागं फिरा!" तू मागं बघितलं नाहीस. बहुतेक लाटेकडं पाठ करायची नाही, एवढं तू एका पडण्यात शिकली होतीस. छातीएवढं पाणी झालं, समोरनं एक लाट घरासारखी उठली, तू दोन्ही हात वर केलेस, आणि मग तिथं तू नव्हतीस.

मी पाण्यात गेले होते, हे तुला कधी कळलं का? मला पाण्याची केवढी भीती. रंकाळ्यावर म्हशी धुवायला मी कधी आले नाही. पण मी मांडीपर्यंत आत गेले होते आणि तुझं नाव घेऊन बोंबलत होते. मग लाट फुटली, फेस बाजूला झाला, आणि तू उभी. अंबाडा सुटलेला, अर्धे पांढरे केस तोंडावर, नाकातनं पाणी गळतंय, आणि दोन्ही हात मोकळे. कुस्ती मारलेला पैलवान मैदानात हात वर करतो तसे ते हात वर केलेस.

"दिली!" ओरडलीस. "काकू, दिली बघा! हातात दिली त्येच्या!"

बायजाकाकूंनी पदर तोंडाला लावला.

आता हौसा, तुला जे मी कधी सांगितलं नाही ते सांगते. तू सुरूच्या झाडामागं लुगडं पिळायला गेलीस. मी किनाऱ्यानं चालत होते, नुसतीच. आणि बऱ्याच लांब, फेसाच्या कडेला, तुझा नारळ पडला होता. शेंडीला निळी चिंधी.

मी उभी राहिले. बायजाकाकू लांबनं इकडंच बघत होत्या असं वाटलं. मी वाकून नारळ उचलला, चिंधी सोडून वाळूत पायानं दाबली, आणि ट्रकपाशी जाऊन दगडावर नारळ फोडला. मग स्वतः सगळ्यांना वाटला. "घ्या," म्हणाले, "समिंदराचा प्रसाद." सगळ्यांनी डोक्याला लावून खाल्ला. बायजाकाकूंनी दोनदा मागून घेतला. माझ्या मनात आलं, खा. तिनं दिलेलंच खा.

मला त्याचं काही वाटलं नाही तेव्हा आणि आताही वाटत नाही. पाप असेल तर माझं मला बघून घेईन. समुद्र परत देतो, ते त्याचं काम आहे. तो विधवेचं देतो, सवाष्णीचं देतो, मेलेला मासा देतो. त्या पैलवानानं फेकलेला नारळही कुठंतरी लागलाच असेल काठाला. अर्थ काढणाऱ्या आपण बायका.

तू शेवटी आलीस. केस पाठीवर ओले. एक तुकडा तोंडात टाकलास, चावलास, थांबलीस.

"आक्का, खोबरं खारट लागतंय."

"समिंदराकडचं खोबरं खारटच असतंय."

तू माझ्याकडं बघत बघत सगळा तुकडा चावून खाल्लास. मग हसलीस का ठसका लागला ते मला कळलं नाही. घाट चढेपर्यंत तू माझ्या खांद्यावर डोकं टाकून झोपली होतीस, आणि तुझ्या केसांतली वाळू माझ्या चोळीत गेली ती घरी येईपर्यंत टोचत होती. तुला कळलं होतं का गं? विचारायचं राहिलं. दरवेळी वाटायचं, विचारू की, कुठं पळून चाललीय.

त्यानंतर आपलं ते भांडण कायमचं लागलं. काहीही निघालं की तू म्हणायचीस, "आक्का ओहोटीची बाई." पोराच्या लग्नात तू पुढं उभी राहणार म्हणालीस, मी म्हणाले जरा दमानं घे, तर म्हणालीस, "व्हय, ओहोटी येऊ दे." मी म्हणायची, थांबलीस असतीस तर ओहोटीला नारळ गेलाच असता आणि नाकात पाणीही गेलं नसतं. तू म्हणायचीस, गेला असता, पण दिला नसता. या वादात मी कधी माघार घेतली नाही. मासेवाली बाई शहाणी होती, असंच मी म्हणत आले.

मग माझे मालक गेले. बायका जमल्या, मला पाटावर बसवलं, एकीनं वरवंटा आणला बांगड्या फोडायला. तू गोठ्यातनं आलीस, हात शेणाचे, तशीच मध्ये येऊन बसलीस आणि माझे दोन्ही हात तुझ्या शेणाच्या हातांत धरलेस.

"हात सोडीत न्हाय मी. फोडायच्या तर माझ्या हातावर घाला घाव."

कुणी घातला नाही. त्या बांगड्या अजून माझ्या हातात आहेत. लिहिताना कागदाला घासतात. तेव्हा मी तुला काय म्हणाले? "माझी इरकली साडी शेणानं भरवलीस," एवढंच. दुसरं काही म्हणायला हवं होतं. तेही राहिलं.

आता तू गेलीस त्या सकाळचं. तुला अंघोळ घातली, अंगणात ठेवलं. भावकी जमली. मी घरात जाऊन नारळ घेतला, हिरवा खण घेतला, ओंजळभर तांदूळ घेतले. सवाष्ण गेली की तिची ओटी भरून पाठवतात. विधवेची कोण भरतं? ती तशीच जाते, रिकामी. तुझी सून मंगल दारातच आडवी आली. पोरगी चांगली आहे, रडून डोळे सुजले होते तिचे.

"आत्ती," ती हळू म्हणाली, "भरा तुम्ही. पण हितं नको. माणसं काय म्हणतील? आत नेऊ या त्यांना, दोन मिन्टं. मी दार लावून घेतो. कुणाला कळणार न्हाय."

हौसा, तिचं ऐकताना मला माझाच आवाज ऐकू आला. आपण दोघी हळूच यू, कुणी बघणार न्हाय.

"न्हाय मंगल," मी म्हणाले. "ओहोटीला द्यायची बाई न्हवं ती. अंगणातच."

तिला काही कळलं नाही. पण ती बाजूला झाली.

मी तुझ्यापाशी बसले तसे भावकीतले तात्या पुढं आले. तुला सगळ्यात आधी गाय म्हणाले तेच. "आक्का, रीत न्हाय ही. ती तशी, आन तुम्हीबी तशाच. रांडव बाईनं रांडव बाईची ओटी भरायची म्हंजे काय?"

"तात्या, रीत मला नका शिकवू. जन्मभर मीच पाळल्या. तिच्या हातचं दूध पिऊन तुमची चार पोरं तालमीत गेली. तवा कपाळ बघितलासा काय तिचं?"

तात्यांनी इकडं तिकडं बघितलं. कुणीतरी आपल्या बाजूनं बोलावं म्हणून त्यांनी बायजाकाकूंकडं बघितलं. त्या भिंतीला टेकून बसल्या होत्या. आता फार वाकल्यात, डोळ्यांना कमी दिसतं, त्यांचेही मालक जाऊन काही वर्षं झाली. सगळं अंगण त्यांच्या तोंडाकडं बघत होतं. मी मनात उत्तर तयार ठेवलं होतं. रत्नागिरीपासून तयार होतं ते.

काकूंनी काठी आपटली आणि म्हणाल्या, "मग माझीबी भरशील का गं?"

मी काकूंकडं वळून बसले.

"आधी मरा की काकू," मी म्हणाले. "मग बघू."

अंगणात कुणीतरी हसलं. मंगल हसली बहुतेक, रडता रडता. काकूसुद्धा. आणि त्या हसण्यात मी तुझी ओटी भरली. खण ठेवला, तांदूळ घातले, नारळ तुझ्या हाताशी ठेवला. शेंडीला चिंधी बांधली होती, तुझ्या चुलीपाशी हात पुसायचं फडकं असायचं त्याची. घाईत तेवढीच मिळाली. तात्यांनी मान फिरवली, पण उचलताना पहिला खांदा त्यांनीच दिला.

तर वाद मिटला, असं समजू नकोस. मासेवाली बाई शहाणीच होती. पण तू म्हणत होतीस तेही मला त्या अंगणात कळलं. गेलं असतं, पण दिलं नसतं. एवढं मान्य करते, आणि तेही तू ऐकत नाहीस म्हणून.

तुझी राख पोरानं पंचगंगेत सोडली. चौथीत मास्तरांनी नकाशावर दाखवलं होतं, आपली नदी रत्नागिरीला जात नाही. ती कृष्णेला मिळते आणि कृष्णा जाते ती उगवतीच्या समुद्राला. म्हणजे हा समुद्र वेगळा, तू बघितलेला तो नव्हे. तिथं तुला कुणी ओळखत नाही. गाय म्हणणारं कुणी नाही आणि म्हस म्हणणारी मीही नाही.

एवढंच लक्षात ठेव. त्याच्याकडं पाठ करून उभी राहू नकोस. आणि परत द्यायला लागला, तर घेऊ नकोस.